नव्या रायफलची खोड आणि बिघाड

नवी म्हैस दावणीला बांधली की पहिले काही दिवस आपण तिचा स्वभाव बघत असतो. धार कुणाला काढू देते, लाथ कुठल्या बाजूनं मारते, पेंड पुढ्यात असल्याशिवाय पान्हा सोडते की नाही. हे काही दुखणं नसतं, ती तिची खोड असते. पण म्हशीनं चारा सोडला किंवा कासेला सूज आली, तर ती खोड नव्हे. तेव्हा डॉक्टरांना बोलवायचं. खोड कुठली आणि दुखणं कुठलं, हे जिला कळतं तिचा गोठा नीट चालतो.

हाच हिशेब आज आम्ही रायफलला लावून बघणार आहोत. दचकू नका. शिकारीची किंवा रानडुकरांपासून शेत राखायची बंदूक आमच्या डोळ्यापुढं नाही. आम्ही बोलतोय ते स्पर्धेत कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेम धरायच्या रायफलबद्दल. आम्ही म्हणजे नेमबाजी शिकणाऱ्या मुलींच्या घरातल्या बायका. कुणी आई, कुणी मावशी, कुणी आजी.

हा खेळ आता आपल्यापासून लांब राहिलेला नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जर्मनीतल्या म्युनिक इथं ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. प्रोन म्हणजे पालथं झोपून नेम धरणं. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून गावोगावच्या पोरी रायफल हातात घ्यायचं स्वप्न बघू लागल्या आहेत.

सुरुवात होते १० मीटरच्या एअर रायफलपासून. पुढं जमलं तर ५० मीटरची खरी काडतुसाची रायफल घ्यावी लागते. तिला पॉइंट टू-टू म्हणतात. परदेशातून येणारी ही रायफल लाखांच्या घरात जाते. कुणी सोनं गहाण ठेवतं, कुणी कर्ज काढतं, कुठं क्लब मिळून एक घेतो. आणि मग पुष्कळ घरांत एकच गोष्ट घडते. रायफल नवी येते आणि पोरीचे गुण खाली जातात. घरात बोलणी सुरू होतात. "एवढ्या पैशांत लग्न झालं असतं." "पोरीचं लक्ष नाही." नाहीतर उलट, "दुकानदारानं फसवलं, रायफलच खराब आहे." पोर बिचारी मधल्या मध्ये भरडली जाते.

बऱ्याच वेळा यात दोष पोरीचा नसतो आणि रायफलचाही नसतो. दोघींची ओळख व्हायची असते, एवढंच. म्हणून ही यंत्रणा कशी चालते, तिच्या खोडी कोणत्या आणि खरा बिघाड कोणता, हे घरातल्या बाईला ठाऊक असलेलं बरं.

दाराची कडी

या रायफलला बोल्ट-अॅक्शन म्हणतात. बोल्ट म्हणजे आपल्या दाराची सरकती कडी. कडीची मूठ वर करायची, कडी मागं ओढायची, पुढं सरकवायची आणि मूठ खाली पाडायची. दार बंद. रायफलमध्येही हेच चार हात आहेत. मूठ वर केली की कुलूप सुटतं. मागं ओढलं की रिकामी पुंगळी बाहेर पडते. हातानं एक काडतूस ठेवून बोल्ट पुढं ढकलला की ते नळीच्या मागच्या खोलगट घरात, म्हणजे चेंबरमध्ये बसतं. मूठ खाली केली की दार घट्ट बंद.

बोल्टच्या पोटात एक स्प्रिंग आणि एक खिळा असतो, त्याला फायरिंग पिन म्हणतात. चाप दाबला की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि खिळा काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आपटतो. या छोट्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. कड चेपली की मसाला पेटतो, दारू जळते आणि गोळी निघते. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. तिला ५० मीटरवर पोचायला सेकंदाचा सहावा हिस्साही पुरतो. आणि तिथं दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

एवढ्या लांबून बटणावर नेम म्हटल्यावर ही कडी साध्या दाराच्या कडीसारखी सैल ठेवून चालत नाही. ती फार घट्ट, फार मोजून बनवलेली असते. तिच्या बहुतेक खोडी याच घट्टपणातून येतात.

खोडी कोणत्या

पहिली खोड, मूठ उचलताना जड लागते. पोर म्हणते, "आई, जुनी किती हलकी होती." बहुतेक स्पर्धा-रायफलींत मूठ वर उचलतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते. म्हणजे आपण नुसती कडी उघडत नसतो, पुढच्या बाराची तयारीही त्याच हातानं करत असतो. जोर लागणारच. नव्या यंत्रात घासणारे भाग अजून गुळगुळीत झालेले नसतात, म्हणून सुरुवातीला जास्तच लागतो. माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागी ग्रीसचा बारीकसा थेंब लावला आणि काहीशे बार झाले की हात सैल पडतो. न लावता तसंच ओढत राहिलं तर मात्र लोखंडाला लोखंड घासून ओरखडे पडतात.

दुसरी खोड, बोल्ट मिटताना शेवटच्या टोकाला थोडा अडतो. स्पर्धेच्या रायफलचं चेंबर मुद्दाम चिंचोळं ठेवतात. गोळीचं नाक नळीतल्या आट्यांना आधीच टेकलेलं असतं, म्हणजे ती सरळ रेषेत निघते. त्यामुळं शेवटी अंगठ्यानं हलका दाब द्यावा लागतो. याच खोडीचा एक परिणाम लक्षात ठेवायचा. भरलेलं काडतूस न उडवता परत बाहेर काढलं, तर कधीकधी पुंगळी बाहेर येते आणि गोळी नळीतच अडकून राहते. म्हणून असं काढलेलं प्रत्येक काडतूस बघायचं. गोळी जागेवर नसेल तर हात वर करून प्रशिक्षकांना बोलवायचं. स्वतः काडी घालून ढोसायचं नाही.

तिसरी खोड पुंगळीची. बोल्ट फार हळू, जपून ओढला तर पुंगळी बाहेर उडत नाही, दारातच आडवी पडते. पोरी नवी वस्तू म्हणून हळुवार हाताळतात आणि मग अडकते. एका दमात, शेवटपर्यंत ओढलं की सुटते. एका सामन्यात साठ बार करायचे असतात, शिवाय सरावाचे बार वेगळे. तेव्हा हाताला ही लय बसलीच पाहिजे.

चौथी खोड, अनेक स्पर्धा-रायफलींना सेफ्टीचा खटका नसतोच. घरची मंडळी विचारतात, "कुलूप कुठाय हिचं?" कुलूप म्हणजे उघडा बोल्ट. बोल्ट मागं ओढलेला, चेंबर रिकामं आणि त्यात रंगीत प्लॅस्टिकची दोरी घातलेली. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरीचं टोक बाहेर दिसत असेल तरच रायफल रिकामी समजायची. दिसत नसेल तर ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं, मग कुणी काहीही सांगो.

पाचवी खोड चापाची. याचा चाप इतका हलका असतो की बोट टेकवताच बार व्हावा असं वाटतं. अनेक रायफलींत तो शंभर ग्रॅमच्या आसपासच्या भारानं सुटतो. बऱ्याचदा त्याचे दोन टप्पे असतात. आधी थोडा पोकळ सरकतो, मग भिंतीला लागल्यासारखा थांबतो, आणि त्या भिंतीवर किंचित भार दिला की सुटतो. पोरीच्या बोटाला ती भिंत ओळखीची व्हायला आठवडे लागतात. तोवर काही बार नको तेव्हा सुटतात. याला निष्काळजीपणा म्हणू नका. रिकाम्या रायफलवर सराव केला की बोट शिकतं. पण काही रायफलींत रिकाम्या चेंबरवर खिळा आपटला तर चेंबरची कड चेपते. म्हणून रिकामा सराव कसा करायचा ते माहितीपुस्तकात बघूनच करायचं.

काडतुसांचा घाणा

सहावी खोड सगळ्यांत खर्चिक, म्हणून नीट ऐका. शिलाई मशीनवर एक दोरा छान चालतो आणि दुसऱ्या रिळाचा तुटत राहतो, हा अनुभव आपल्याला आहे. रायफललाही काडतुसाची आवड-निवड असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसंही वेगवेगळ्या घाण्यात बनतात. त्याला लॉट म्हणतात आणि त्याचा नंबर डब्यावर छापलेला असतो. एक लॉट एका रायफलमध्ये सगळे बार एका बटणात घालतो, तर शेजारणीच्या रायफलमध्ये तोच लॉट पांगतो.

कारण समजून घ्या. गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. या वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. लक्ष्यावरची वर्तुळं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. म्हणजे पोरीनं नेम अचूक धरला तरी काडतुसाच्या फरकानं दहाचा नऊ होऊ शकतो.

म्हणून नवी रायफल आली की एकदम मोठा साठा घ्यायचा नाही. दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डबे घ्यायचे. रायफल टेकूवर ठेवून, एकाच दिवशी, एकाच जागी, प्रत्येक लॉटचे दहा-दहा बारांचे चार-पाच पुंजके पाडायचे. ज्याचे पुंजके प्रत्येक वेळी लहान आणि गोल, तो लॉट आपला. एखादाच सुंदर पुंजका बघून भुलायचं नाही. मग परवान्यात जेवढी मुभा असेल तेवढा त्याच नंबरचा साठा हंगामासाठी घ्यायचा.

याच्याच पोटात सातवी खोड आहे. या गोळ्यांवर मेणासारखं वंगण असतं. त्याचा पातळ थर नळीत बसला की बार एकसारखे लागू लागतात. नळी साफ केली किंवा काडतूस बदललं की जुना थर जातो आणि नवा बसायला वेळ लागतो. नवा तवा पहिल्या दोन-चार भाकरी चिकटवतो, तसे पहिले दहा-वीस, कधी जास्त बार भरकटतात. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री हौसेनं रायफल चकाचक करायची नाही. आणि साफसफाईनंतरच्या पहिल्या बारांवरून काहीच ठरवायचं नाही.

आपल्या हवेची खोड

रायफल जर्मनीत बनते आणि राहते आपल्या पावसात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. फोमच्या पेटीत रायफल महिनाभर बंद ठेवली तर फोम ओल धरतो आणि लोखंडाला गंज चढतो. सरावाहून आल्यावर पुसून, हवा लागू देऊन, मग कुलपात ठेवायची. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या वेळोवेळी बदलायच्या.

पण गंजाच्या भीतीनं तेल ओतायचं नाही. बोल्टच्या पोटात जाड तेल किंवा ग्रीस साठलं की खिळा मंदावतो. मंदावलेला खिळा कधी बार उडवतो, कधी नाही, आणि उडवला तरी गोळ्या वरखाली लागतात. बाहेरून पुसट तेलाचा हात, आत जवळपास कोरडं.

दस्त्यात यंत्रणा घट्ट धरणारे स्क्रू असतात. ते ठरावीक ताणानंच आवळायचे असतात, त्यासाठी ताण मोजणारा पाना मिळतो. कमी आवळले तर यंत्रणा हलते, जास्त आवळले तर वाकडी ओढली जाते. घरातल्या हुशार भावानं हातात पाना घेतला तर त्याला चहा द्या आणि पाना काढून घ्या.

इथं थांबायचं

आता बिघाडाकडं येऊ. खाली सांगितलेलं काही घडलं तर त्याला खोड म्हणायचं नाही. रायफलचं तोंड लक्ष्याकडंच ठेवायचं, सराव थांबवायचा आणि प्रशिक्षकांना बोलवायचं.

एक, चापाला बोट न लावता, बोल्ट मिटताना बार उडाला. चाप बिघडलेला आहे किंवा फार हलका केलेला आहे.

दोन, आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा लक्ष्यावर गोळी लागलीच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार केला तर नळी फुटू शकते आणि इजा होऊ शकते.

तीन, पुंगळी चिरलेली, फुगलेली निघाली किंवा तोंडावर गरम वाफ आली.

चार, बोल्ट उघडायला किंवा मिटायला आपटावं लागतंय. जड लागणं वेगळं आणि आपटावं लागणं वेगळं.

पाच, चाप दाबला आणि बार झालाच नाही. तेव्हा लगेच बोल्ट उघडायचा नाही. तोंड लक्ष्याकडं ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण मसाला उशिरा पेटू शकतो. एखादं काडतूस फुसकं निघतं. पण वारंवार होत असेल तर पुंगळीच्या कडेवरचा ठसा जाणकाराला दाखवायचा. ठसा उथळ असेल तर खिळा किंवा स्प्रिंग तपासायला हवी.

आणि एक नियम क्लबमध्ये दोन सारख्या रायफली असतील तिथला. एकीचा बोल्ट दुसरीत घालायचा नाही. काडतुसाच्या बुडाची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि बोल्ट मिटल्यावर तेवढीच जागा उरावी असं प्रत्येक रायफलला तिच्या बोल्टशी जुळवलेलं असतं. शेजारच्या घराची कडी आपल्या दाराला बसली तरी ती नीट लागेलच असं नाही. बोल्टवर नंबर असेल तर तो रायफलच्या नंबराशी ताडून बघा.

घरातल्या बाईचं काम

यात आपण काय करायचं? आपण वही ठेवायची. बचत गटाची वही आपण लिहितोच, तशीच एक रायफलची. तारीख, हवा दमट की कोरडी, काडतुसाचा लॉट नंबर, किती बार झाले, साफसफाई कधी केली, काय अडलं. पोर सांगेल, आपण लिहायचं. महिन्याभरात वहीच बोलू लागते. पुंगळी अडकते ती नेहमी सरावाच्या शेवटी, म्हणजे हात थकतो तेव्हा. गोळ्या पांगल्या त्या नवा डबा उघडला त्या दिवशी. मग "पोरीचं लक्ष नाही" म्हणायची वेळच येत नाही. आणि एका वेळी एकच बदल करायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काडतूसही बदललं, चापही बदलला, दस्ताही हलवला, तर कशानं काय झालं ते देवालाही कळणार नाही.

दुसरं काम आरोग्याचं. या गोळ्या शिशाच्या असतात आणि पेटणाऱ्या मसाल्यातही बहुधा शिसं असतं. त्याची धूळ हाताला, कपड्यांना लागते. सरावाहून आल्यावर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायचा नाही. सरावाचे कपडे वेगळे धुवायचे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे कटाक्षानं पाळायचं, कारण शिसं बाळाच्या मेंदूला बाधतं. कानाला बूच आणि डोळ्याला चष्मा हेही आलंच.

तिसरं काम कायद्याचं. पॉइंट टू-टू ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येणारी बंदूक आहे. परवान्याशिवाय ती घरात ठेवता येत नाही आणि परवाना मागायला २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान मुलींना नियमांत बसेल तसा, क्लबात जाणकारांच्या देखरेखीखाली सराव करता येतो. रायफल घ्यायच्या आधी क्लबच्या मदतीनं जिल्हाधिकारी कार्यालयात आणि शहरात पोलीस आयुक्तालयात चौकशी करा. घरी रायफल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या परवानाधारकाकडं. पाहुण्यांना दाखवायला पेटी उघडायची नाही.

तुमच्या गटातल्या कुणाच्या घरी मुलगी नेमबाजी करत असेल, तर येत्या बैठकीत तिला बोलवा. रिकाम्या बोल्टचं चित्र तिच्याकडून फळ्यावर काढून घ्या आणि कडी कशी चालते ते तिच्या तोंडून ऐका. जिला आपलं हत्यार चार बायकांना समजावून सांगता येतं, तिची त्याच्याशी ओळख झाली असं समजायला हरकत नाही. आणि गुण खाली आले म्हणून तिला कुणी टोचून बोलत असेल, तर आधी वही मागा, मग बोला.